न आलेल्या रुग्णासाठी

(सेवावस्त्यांतील आरोग्यकार्यात सहभागी असलेले कार्यकर्ते आणि हितचिंतक यांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सेवावस्तीतला एखादा छोटा दवाखाना चार-पाच वर्षे नेटाने चालला, वस्तीचा विश्वास त्याने मिळवला, की कार्यकर्त्यांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. आता विस्तार करायला हवा! मग कागदावर नकाशे उमटू लागतात. वर आणखी एक मजला, दहा खाटा, क्ष-किरण यंत्र, जमल्यास छोटे शस्त्रक्रियागृह. देणगीदारांची यादी तयार होते, प्रवेशद्वारी लावायच्या संगमरवरी पाटीचा मजकूरही ठरतो. या धडपडीमागची तळमळ खरी असते, तिच्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण या सगळ्या आराखड्यात एक प्रश्न बहुधा कुणी विचारत नाही. हा विस्तार नेमका कुणासाठी?

दवाखान्यात आज कोण आले, हे नोंदवहीत लिहिलेले असते. नाव, वय, आजार, दिलेले औषध, सारे काही. मात्र कोण आले नाही आणि का आले नाही, याची नोंद कोणत्याही वहीत सापडत नाही. जो आला, त्याची सेवा होतेच आहे. विस्तार व्हायला हवा तो न आलेल्या रुग्णासाठी. हे सूत्र मनाशी धरले, तर खाटा, मजले आणि यंत्रे यांचा क्रम आपोआप बदलतो. तो कसा, हे पाहण्यासाठी मुंबईचे आणि त्यातही धारावीचे उदाहरण घेणे सोयीचे ठरेल.

एका घरातील एक दिवस

हा न आलेला रुग्ण कोण? धारावीतील एका घराची कल्पना करा. घरातील बाई पंचेचाळिशीची. पहाटे साडेचारला उठून पाणी भरायचे, डबे करायचे, सातला घर सोडून माटुंगा-दादरच्या बाजूला चार घरची धुणीभांडी करायची. दुपारी अडीचला घरी परत, पुन्हा संध्याकाळी दोन घरचा स्वयंपाक. गेले वर्षभर तिचे डोके दुखते, चालताना दम लागतो. महापालिकेचा दवाखाना घरापासून दहा मिनिटांवर आहे. औषध फुकट आहे, डॉक्टरही आहेत. पण तो दवाखाना सकाळी उघडतो तेव्हा ती कामावर असते आणि ती परत येते तेव्हा तिथली आवराआवर सुरू झालेली असते.

सायनचे मोठे रुग्णालय आहेच. तिथे केसपेपरची रांग, मग डॉक्टरांची रांग, रक्त द्यायला दुसऱ्या दिवशी या, अहवाल घ्यायला तिसऱ्या दिवशी या. रुग्णालयाचा दोष नाही; मुंबईबाहेरूनही तिथे रुग्णांची रीघ लागलेली असते. पण या बाईसाठी एका डोकेदुखीची किंमत तीन खाडे एवढी होते. तीन दिवसांचे पैसे कापले जातील, कदाचित एखादे कामही सुटेल. मग ती कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी घेते आणि कामाला लागते. तिचा रक्तदाब कुणी कधी मोजलेलाच नसतो. पन्नाशी उलटली की एका सकाळी मोरीतच तिला पक्षाघाताचा झटका येतो. त्या दिवशी मात्र ती सायनला पोचते, ती इतरांच्या खांद्यावरून. पुढे तिच्या सेवेसाठी नववीतल्या मुलीची शाळा सुटते.

या बाईला टाळता आला असता, असा हा झटका होता. रक्तदाबाच्या साध्या गोळ्या महाग नाहीत. पालिकेच्या दवाखान्यात त्या मोफत मिळतात, जनौषधी केंद्रात अगदी माफक दरात. महाग होता तो गोळीपर्यंत पोचण्याचा रस्ता. चित्र काल्पनिक असले, तरी वस्तीत काम करणाऱ्या कोणाही आरोग्यसेविकेला विचारा, ती अशा चार घरांकडे बोट दाखवील.

अंतर पावलांचे नव्हे, विश्वासाचे

२०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती आणि त्यांपैकी सुमारे ५२ लाख माणसे झोपडपट्ट्यांत राहत होती. या शहरात आरोग्यसेवेची कमतरता आहे, असे सरसकट म्हणता येणार नाही. नायर रुग्णालय १९२१ चे, केईएम १९२६ चे. शतकभराची परंपरा असलेली महापालिकेची अशी रुग्णालये देशात फार थोड्या शहरांना लाभली. तरीही याच रुग्णालयांच्या सावलीत माणूस उपचाराविना राहतो. याचे एक कारण वेळेचे आहे, ते वर आले. दुसरे कारण विश्वासाचे आहे आणि ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतर घराघरांत शिरून रुग्ण शोधणे, त्यांना बळाने उचलून नेणे, घरे रिकामी करणे हा सरकारचा शिरस्ता झाला. फेब्रुवारी १८९७ मध्ये त्यासाठी साथरोग कायदाही आला. लोकांच्या दृष्टीने रुग्णालय म्हणजे जिथून माणूस परत येत नाही अशी जागा झाली. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या संतप्त जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला चढवला, तो याच भीतीपोटी. पुण्यात रँडच्या अमदानीत काय घडले आणि त्याची परिणती कशात झाली, हे महाराष्ट्राला सांगण्याची गरज नाही. उपचार करणाऱ्याचा हेतू रोग आवरण्याचा होता असे मानले, तरी ज्याच्यावर उपचार करायचा त्याचा मान राखला गेला नाही, म्हणून दरवाजे बंद झाले, रुग्ण लपवले गेले आणि रोग पसरला.

त्याच काळात त्याच पुण्यात याच्या नेमके उलट काम करणारी माणसेही होती. लोकमान्य टिळकांनी पुढाकार घेऊन हिंदू प्लेग रुग्णालय उभे केले. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळच्या माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई तेव्हा पासष्टी ओलांडलेल्या होत्या. रुग्ण येण्याची वाट पाहत त्या बसल्या नाहीत. मुंढव्याच्या वस्तीतील एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. न आलेल्या रुग्णासाठी दवाखान्याने घराबाहेर पडायचे असते, हा धडा आपल्या मातीत सव्वाशे वर्षांपूर्वीच घालून दिलेला आहे.

धारावीने काय शिकवले?

या धड्याची कसोटी पुन्हा लागली ती २०२० मध्ये. मार्चमध्ये राज्य सरकारने तोच १८९७ चा साथरोग कायदा लागू केला आणि १ एप्रिल रोजी धारावीत कोरोनाचा पहिला रुग्ण आढळला. सुमारे अडीच चौरस किलोमीटरांची जागा आणि साडेआठ लाखांच्या घरातली वस्ती. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे, शौचालये सार्वजनिक. तिथे अंतर राखा म्हणणे ही क्रूर थट्टाच होती. मुंबईच नव्हे, सारा देश श्वास रोखून धारावीकडे पाहत होता.

महापालिकेच्या जी-उत्तर विभागाने त्या वेळी रुग्ण येण्याची वाट न पाहता रोगाचा पाठलाग करण्याचे ठरवले. ताप तपासणी केंद्रे गल्लीच्या तोंडाशी आणली. क्रीडासंकुल आणि शाळा विलगीकरणासाठी घेतल्या. सार्वजनिक शौचालयांचे दिवसातून अनेकदा निर्जंतुकीकरण सुरू झाले. पण सर्वांत निर्णायक पाऊल निराळेच होते. धारावीत वर्षानुवर्षे छोटे दवाखाने चालवणाऱ्या खासगी डॉक्टरांना सोबतीला घेतले गेले. पांढऱ्या पोशाखातील माणूस दारात आला, तरी त्याचा आवाज ओळखीचा होता. लहानपणी ज्याने गोवराचे औषध दिले, तोच डॉक्टर ‘घाबरू नका मावशी, फक्त ताप बघतोय’ म्हणत होता. अशा रीतीने ४७ हजारांवर घरांची तपासणी झाली. १० जुलै २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी साथ आटोक्यात आणता येते याचे उदाहरण म्हणून धारावीचे नाव घेतले. २५ डिसेंबरला, पहिल्या रुग्णानंतर प्रथमच, धारावीत दिवसभरात एकही नवा रुग्ण सापडला नाही.

कायदा दोन्ही वेळी एकच होता. १८९७ मध्ये लोकांनी दारे लावून घेतली आणि २०२० मध्ये उघडली. फरक पडला तो दार ठोठावणारा कोण होता, यामुळे.

मात्र या यशोगाथेला एक खेदाची किनारही आहे. साथ ओसरली, तशी ती पथके विखुरली. कोरोनाने माणूस दोन आठवड्यांत गाठला, म्हणून सारी यंत्रणा धावली. रक्तदाब, मधुमेह आणि क्षय यांना घाई नसते. ते दहा वर्षे घेतात, आवाज करत नाहीत आणि त्यांच्यासाठी पत्रकार परिषदाही होत नाहीत. या मूक आजारांसाठी दार ठोठावणारा माणूस रोज लागतो.

मापदंड आणि प्रत्यक्ष

शासनाला हे कळत नाही, असे नव्हे. १९८० च्या दशकात कृष्णन समितीने शहरी झोपडपट्ट्यांसाठी आरोग्य केंद्रांची शिफारस केली आणि मुंबईत त्यातूनच ‘हेल्थ पोस्ट’ उभी राहिली. २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाला मंजुरी मिळाली. त्याचे मापदंड स्पष्ट आहेत. ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, १० हजारांमागे एक एएनएम, एक ते अडीच हजारांमागे एक ‘आशा’ आणि ५० ते १०० कुटुंबांमागे वस्तीतल्याच बायकांची एक महिला आरोग्य समिती.

हे माप धारावीला लावून पाहा. साडेआठ लाख लोकसंख्येला १७ प्राथमिक आरोग्य केंद्रे, ८५ एएनएम आणि किमान ३४० आशा. धारावीत महापालिकेचे दवाखाने आहेत, सायन रुग्णालयाचे नागरी आरोग्य केंद्र आहे. लोक प्रेमाने त्याला ‘छोटा सायन’ म्हणतात. पण या आकड्यांशी ताडून पाहिले, म्हणजे विस्ताराची दिशा कोणती हे ध्यानात येते. मोठ्या संख्येने हवी आहेत ती माणसे, घरोघर जाणारी माणसे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना’ या योजनेत एक गोष्ट मोलाची होती. काही दवाखाने दुपारी तीन ते रात्री दहा या वेळेत चालवण्यात आले, तेही अनेक ठिकाणी आहे त्याच इमारतीत. नवी वीट न रचता दवाखाना दुप्पट झाला! हैदराबादमध्ये २०१८ पासून सुरू झालेल्या ‘बस्ती दवाखान्यां’नी दुसरी वाट दाखवली. रक्ताचा नमुना वस्तीतच घ्यायचा, तो मध्यवर्ती प्रयोगशाळेत पाठवायचा आणि अहवाल वस्तीत आणून द्यायचा. यंत्र एका जागी राहते, रुग्णाचे खेटे वाचतात.

खरा विस्तार चार दिशांना

या सगळ्या अनुभवांतून सेवावस्तीतल्या दवाखान्याच्या विस्ताराच्या चार दिशा हाती लागतात.

पहिली दिशा वेळेची. ज्याचे पोट रोजंदारीवर आहे, त्याच्यासाठी दवाखाना संध्याकाळी सहा ते रात्री नऊ उघडा हवा, रविवारी सकाळी तर हवाच हवा. नवा मजला बांधण्याआधी हे तीन तास वाढवून पाहावेत. धारावीच्या चामड्याच्या कारखान्यात, तेरा कंपाउंडच्या भंगाराच्या गोदामात किंवा कुंभारवाड्यात भट्टीसमोर राबणारा माणूस दुपारी बारा वाजता डॉक्टरकडे येईल, अशी अपेक्षा धरणे हे त्याच्या आयुष्याविषयीचे अज्ञान आहे.

दुसरी दिशा तपासणी आणि औषध यांची. रक्तदाबाच्या रुग्णाला आठवड्याची गोळी देऊन पुन्हा बोलावणे म्हणजे त्याला उपचार सोडायला लावणे होय. आजार आटोक्यात असेल, तर महिन्याचे औषध एकदम द्यावे. साखर, हिमोग्लोबिन, थुंकी या तपासण्यांसाठी नमुना एकाच खेपेत घेतला जावा. एका खेपेत एक काम पुरे होणे, ही गरिबासाठी सर्वांत मोठी सवलत आहे.

तिसरी दिशा घराची. इथे महाराष्ट्राने जगाला दिलेले धडे आठवावेत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडला खेड्यातल्या निरक्षर बायकांच्या हाती आरोग्याची सूत्रे दिली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत प्रशिक्षित आरोग्यदूत घरोघर पाठवून नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६० टक्क्यांनी कमी केले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते काम प्रसिद्ध केले. ही उदाहरणे ग्रामीण आहेत, तरी सूत्र शहरालाही लागू पडते. वस्तीतलीच सेविका हवी, तिच्या हाती वही हवी आणि त्या वहीत न आलेल्यांची यादी हवी. कोणाची गोळी संपली, कोणत्या गरोदर बाईची तपासणी चुकली, कोण महिनाभर खोकतो आहे. संध्याकाळी तिने दार वाजवून ‘ताई, परवा तुमची तारीख होती, आला नाहीत, बरं नाही का?’ एवढे विचारले, तरी निम्मे काम होते.

सेविकेला घरातली हवाही दिसते. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींतील अभ्यासाने २०१८ मध्ये दाखवून दिले, की एकमेकींना चिकटून उभ्या इमारतींच्या खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही आणि तिथे क्षय अधिक बळावतो. धारावीच्या पुनर्विकासाची चर्चा होताना हे ध्यानात ठेवायला हवे. डॉक्टरने चिठ्ठीवर कितीही गोळ्या लिहिल्या, तरी खिडकी लिहिता येत नाही. खिडकीचा आग्रह समाजाने धरायचा असतो. आणि कुटुंब एका वस्तीतून दुसरीकडे गेले, तर त्याची आरोग्याची वहीही सोबत गेली पाहिजे. सहा महिन्यांचा क्षयाचा उपचार तिसऱ्या महिन्यात घर बदलले म्हणून तुटला, तर औषधाला न जुमानणारा क्षय बळावतो. मग उपचार अधिक कडक आणि अधिक थकवणारा होतो.

चौथी दिशा मोठ्या रुग्णालयाची. सायन रुग्णालयाच्या नवजात विभागात १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली, ती डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने. रुग्णालयात बाळ वाचले, तरी आईचे पोषण आणि घरातले हाल तसेच राहिले, तर त्या यशाला अर्थ राहत नाही, ही जाणीव तिथे झाली आणि १९९९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ‘स्नेहा’ ही संस्था उभारून वस्तीत काम सुरू केले. रुग्णालयातून वस्तीकडे आलेली ही वाट वस्तीतून रुग्णालयाकडेही जायला हवी. छोट्या दवाखान्याने रुग्णाला नुसती चिठ्ठी देऊन सायनला धाडू नये. कोणत्या खिडकीवर जायचे, कोणत्या वारी, कोणते कागद न्यायचे हे सांगावे. शक्य तर सोबत एक कार्यकर्ता द्यावा. आणि तो परत आल्यावर काय झाले, हे आपल्या वहीत लिहावे. गरीब माणूस रोगापेक्षा रुग्णालयातल्या खिडक्यांना अधिक भितो.

मग खाटा नकोतच का?

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. रात्री दोन वाजता बाळंतीण अडली, तर वही काय करणार? खाटा लागतातच, यंत्रेही लागतात. प्रश्न क्रमाचा आहे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, काही तरुण डॉक्टरांनी १९८९ मध्ये डॉ. हेडगेवार रुग्णालय सुरू केले. आज ते मोठे रुग्णालय आहे. पण रुग्णालय वाढत असताना त्याचबरोबर शहरातल्या सेवावस्त्यांत आरोग्य, शिक्षण आणि महिलांचे काम उभे राहिले, हे त्याचे वैशिष्ट्य. मोठी इमारत आणि वस्तीतली पायवाट, दोन्ही एकाच संस्थेच्या असू शकतात. अट एवढीच, की इमारत उंच होताना पायवाट बुजता कामा नये.

पैशांचाही प्रश्न आहे. इमारतीला देणगी लवकर मिळते, कारण ती दिसते. पण इमारतीला पैसा एकदा लागतो आणि परिचारिकेला दरमहा. कित्येक सेवाभावी दवाखान्यांच्या वरच्या मजल्यावर यंत्रे धूळ खात पडतात, याचे कारण हेच. यंत्र घेतले, ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाच्या पगाराची तरतूद केली नाही. तेव्हा विस्तारासाठी निधी जमवणाऱ्यांनी देणगीदाराला स्पष्ट सांगावे, की एका सेविकेचे पाच वर्षांचे मानधन ही देणगी कोणत्याही खोलीपेक्षा कमी प्रतिष्ठेची नाही. तिच्या नावाची पाटी लागणार नाही, इतकेच.

आणि एक पथ्य. शासनाचे केंद्र शेजारी असेल, तर त्याची नक्कल करू नये. ते सकाळी चालत असेल, तर आपण संध्याकाळी चालवावे. ते लस देत असेल, तर आपण मुलांना लसीपर्यंत न्यावे. सेवेत स्पर्धा आली, की रुग्ण मोजले जातात. बरे झालेले कुणी मोजत नाही.

आपल्या दारातली जबाबदारी

शेवटी, हा विषय केवळ डॉक्टरांचा आणि संस्थाचालकांचा राहत नाही. वर जिच्या दिवसाचे वर्णन झाले, ती बाई रोज सकाळी कुठे जाते? माटुंग्याच्या, दादरच्या, पार्ल्याच्या, डोंबिवलीच्या घरांत. म्हणजे आपल्याच घरांत. तिचा रक्तदाब मोजला जावा म्हणून शहराने काय करावे, यावर परिसंवाद घेणे सोपे आहे. महिन्यातून एकदा, पैसे न कापता, तिला दोन तास सुटी देणे आणि ‘जाऊन आलीस का गं दवाखान्यात? गोळ्या सुरू आहेत ना?’ असे विचारणे त्याहून सोपे आहे. तरी ते किती घरांत होते, हे प्रत्येकाने आपापल्या मनाला विचारावे. दवाखान्याच्या विस्तारातला पहिला तास मध्यमवर्गीय घरातूनच मिळू शकतो.

दुसरी गोष्टही हाताशी आहे. २०२२ पासून ‘निक्षय मित्र’ या योजनेद्वारे कोणतीही व्यक्ती वा संस्था क्षयरोग्याला उपचाराच्या काळात पोषक आहार पुरवू शकते. शासनही रुग्णाला पोषणासाठी थेट पैसे देते. २०१८ मध्ये सुरू झालेली दरमहा ५०० रुपयांची ही मदत नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली. अन्नाचा परिणाम किती मोठा असतो, हे झारखंडमधील संशोधनाने २०२३ मध्ये सिद्ध केले. रुग्णाच्या कुटुंबाला पुरेसे धान्य-डाळी दिल्या, तेव्हा घरातल्या इतरांना क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. एक कुटुंब, एक रुग्ण, सहा महिने. गणेशोत्सव मंडळे, महिला मंडळे, सोसायट्या, शाळा यांना हे सहज पेलण्यासारखे आहे. डाळ, शेंगदाणे, अंडी, दूधपावडर यांची पिशवी घेऊन वस्तीत जाणारा माणूस त्या घराची परिस्थितीही पाहून येतो आणि मग त्याला आरोग्यसेवेवरच्या भाषणांची गरज उरत नाही.

बंधुभगिनींनो, पुढच्या वेळी आपल्या दवाखान्याच्या विस्ताराची बैठक होईल, तेव्हा नकाशा उलगडण्याआधी दोन वह्या मागवा. एक आलेल्या रुग्णांची, ती तयार असेलच. दुसरी न आलेल्यांची. ती नसेल, तर त्या बैठकीत नकाशा गुंडाळून ठेवावा आणि चार कार्यकर्त्यांनी, दोन सेविकांनी, एका डॉक्टरने आठ दिवस वस्ती पालथी घालून ती वही लिहावी. ती पूर्ण झाली, की किती मजले हवेत, किती खाटा हव्यात, दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा हवा, हे तीच सांगेल.

सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या वस्तीतून ते आजारी मूल उचलले, तेव्हा त्यांच्यापाशी खाटा मोजक्याच होत्या. वाट मात्र त्यांना पूर्ण ठाऊक होती. त्या वाटेने चालण्याची सद्बुद्धी आणि बळ आपणा सर्वांना लाभो, अशी प्रार्थना करून हे विवेचन इथे पूर्ण करणे उचित ठरेल.